पेलाभर पाण्याचा आवाज

प्रति,
महाराष्ट्रातल्या एफएम केंद्रांवरचे निवेदक, आरजे, आणि ट्रान्समीटर सांभाळणारे इंजिनिअर यांस,

सप्रेम नमस्कार.

तासगावला एसटी स्टँडजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद करूनही आता बरीच वर्षं झाली, पण घरात रेडिओ दिवसभर चालू असतो आणि तुमची बोलणी मी कान देऊन ऐकतो. मध्यंतरी एका दुपारी तुमच्यातल्या एकीनं गाणं लावण्याआधी सहज म्हटलं, ‘खरखर नाही, खडखड नाही, फक्त गाणी!’ तिला ते वाक्य कुणी लिहून दिलं असेल, नाहीतर तोंडावर आलं म्हणून बोलली असेल. मी मात्र हातातलं काम ठेवून बसलो. त्या ‘खरखर नाही’पायी एका माणसाचं सगळं आयुष्य गेलंय. खरखर घालवायची म्हणून तो वीसएक वर्षं झटला, ती त्यानं घालवली, आणि मग ती आपणच घालवली हे सिद्ध करता करता तो संपला. तुमच्या केंद्राच्या नावात जे एफएम आहे, ते त्याचं आहे. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेलेला तो वेगळा.

हे नाव तुम्ही वर्षातून एकदा तरी हवेत घ्यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुमच्यातल्या तरुण मंडळींनी खरखर ऐकलेलीच नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो. आमच्याकडे सांगलीचं आकाशवाणी केंद्र मीडिअम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झला लागायचं. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली, पश्चिमेला ढग चढले, की गावात वळीव यायच्या आधी तो रेडिओत यायचा. आभाळ डोक्यावर निळं असतानाच ‘कर्र-कट्, कट्’ सुरू. म्हातारी माणसं त्यावरून अंगणातलं वाळवण आवरायची. पण त्याच वेळी बातम्या असल्या, किंवा मॅचची शेवटची षटकं चालू असली, तर माणूस रेडिओला कान चिकटवून जीव काढायचा. दुसऱ्या दिवशी दुकानात चार रेडिओ हजर: ‘बिघडलाय, खरखरतोय.’ मी सांगायचो, रेडिओ ठणठणीत आहे, वीज खरखरतेय. आणि विजेला इलाज नाही.

इलाज नाही, असं मोठमोठ्या इंजिनिअरांनाही वाटत होतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी रेडिओ आले, तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्याला हाच एक ताप होता. आवाज लाटेवर चढवायचा म्हणजे लाटेची उंची कमीजास्त करायची, ही तेव्हाची रीत. मीडिअम वेव्ह आजही तशीच चालते. आणि वीजही नेमकी उंचीतच ढवळाढवळ करते. मग आवाज कुठला आणि वीज कुठली हे रेडिओला कळणार कसं? जॉन कार्सन नावाच्या जाणत्या माणसानं १९२२ मध्ये गणित करून दाखवलं की उंचीऐवजी लाटेची कंपनसंख्या बदलली, म्हणजे आज आपण जिला एफएम म्हणतो ती रीत वापरली, तरी कमी जागेत तिचा फायदा काही नाही. गणित बरोबर होतं. लोकांनी त्यावरून विषयच मिटवला.

आर्मस्ट्राँगनं तो मिटू दिला नाही. त्यानं विचारलं, जागा कमीच का वापरायची? मीडिअम वेव्हच्या एका केंद्राला अमेरिकेत १० किलोहर्ट्झची पट्टी मिळते. यानं २०० मागितली.

आमच्या भागातलं उदाहरण देतो. उसाचं रान डोळ्यांपुढे आणा. निरोप उसाच्या उंचीत लिहिलाय असं धरा, म्हणजे कुठे उंच, कुठे बुटका. वादळ आलं, शेंडे मोडले, निरोप गेला. आता उंची सारखीच ठेवली आणि निरोप पेरांत लिहिला, पेरं कुठे जवळजवळ, कुठे लांबलांब, तर वादळानं शेंड्याचं काही का होईना. कोयत्यानं वाढं छाटून टाकायचं, ऊस एका मापाचा करायचा आणि पेरं मोजायची. एफएम रेडिओतलं लिमिटर हेच छाटणीचं काम करतं. विजेनं जे काही चिकटवलेलं असतं ते शेंड्याला असतं, ते वाढ्याबरोबर जातं. पेरांमधलं अंतर जितकं ठळक बदलेल तितका निरोप स्पष्ट, म्हणून त्याला रुंद पट्टी हवी होती. आणखी एक फायदा असा की दोन केंद्रं एकाच जागी आली तर जोरकस असेल तेच ऐकू येतं, दुसरं गप्प बसतं. म्हणूनच थोड्या ताकदीची, आपापल्या गावापुरती केंद्रं एकमेकांच्या अंगावर न जाता चालतात. कम्युनिटी रेडिओवाल्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. म्हसवडला माणदेशी बायका मायक्रोफोनपुढे बसून बोलतात, त्याच्या मुळाशी हा गुण आहे.

आता ज्या दिवसासाठी मी एवढं लिहितोय, त्या दिवसाबद्दल. ५ नोव्हेंबर १९३५. न्यूयॉर्कमध्ये रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेची सभा. आर्मस्ट्राँग आपला निबंध वाचतोय. अंगात कोट, डोक्याला टक्कल, लहानपणीच्या आजारानं मागे ठेवलेला मानेचा आणि खांद्याचा झटका अधूनमधून येतोय. निबंध संपता संपता त्यानं शेजारचा रिसीव्हर चालू केला. आधी नुसता सूं आवाज. मग एकदम शांतता, इतकी की लोकांना वाटलं यंत्र बंद पडलं. आणि त्या शांततेतून त्याचा बालमित्र रन्यन बोलला, न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समधल्या आपल्या घरातल्या हौशी केंद्रावरून, अडीच मीटरच्या लहरीवर. मग तिकडे मायक्रोफोनपुढे एक पेला पाणी ओतलं गेलं. इकडे सभागृहात पाणी ओतल्याचा आवाज आला. कागद चुरगाळला, फाडला; कागदच ऐकू आला. घंटा वाजवली, तिचा नाद विरेपर्यंत कानात राहिला.

पाण्याचा आवाज पाण्यासारखा आला यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मीडिअम वेव्हच्या रेडिओवर पाणी ओतून पाहा. वाळू ओतल्यासारखं वाटतं, नाहीतर कुणी तळतंय असं. पाण्याच्या आवाजात जे बारीक, वरच्या पट्टीतलं असतं ते त्या १० किलोहर्ट्झच्या फटीतून येतच नाही, आणि जे येतं त्यावर खरखर बसलेली असते. संगीतातही तेच. सतारीची जवारी, टाळांची किणकिण, बोलणाऱ्याचा श्वास हे सगळं लोकांनी रेडिओवर पहिल्यांदा नीट ऐकलं ते एफएमवर.

मी त्याचा ऋणी आहे तो मात्र एफएमच्याही आधीपासून, आणि ते मला ठाऊकच नव्हतं.

ट्रान्झिस्टर रेडिओचं मागचं झाकण काढलं की चार चौकोनी पत्र्याच्या डब्या दिसायच्या. लाल ऑसिलेटरची, म्हणजे रेडिओच्या आत स्वतःची लहर तयार करणाऱ्या भागाची; पिवळी, पांढरी आणि काळी आयएफटीच्या, म्हणजे एकाच ठरलेल्या कंपनसंख्येला जुळवायच्या टप्प्यांच्या. प्रत्येकीच्या डोक्यावर फेराइटचा कोर, त्याला खाच. लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावला की सेटिंग हलतं आणि कोरही तडकतो, म्हणून मी विणकामाच्या प्लास्टिकच्या सुईचं टोक घासून चपटं केलं होतं. ती सुई घेऊन आधी काळी, मग पांढरी, मग पिवळी, अर्धा-पाव आटा फिरवत जायचो. आवाज भरत जातो, भरत जातो, आणि एका ठिकाणी सांगली असं घरात येऊन बसतं. हाताला ते कळतं. हे काम मी हजारो रेडिओंवर केलं. सगळ्यांत आकडा एकच, ४५५ किलोहर्ट्झ.

ही ४५५ ची युक्तीही आर्मस्ट्राँगचीच. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन म्हणून पॅरिसला होता, तिथे १९१८ मध्ये त्यानं ती बसवली. नाव सुपरहेटरोडाइन. कुठल्याही गावची एसटी आली तरी ती एकाच फलाटाला लावायची, असा तो प्रकार. तुम्ही सांगलीला १२५१ वर काटा लावलात, की आतला ऑसिलेटर १७०६ वर चालतो, वजाबाकी ४५५. मुंबईला ५५८ वर नेलात की तो १०१३ वर येतो. वजाबाकी पुन्हा ४५५. म्हणजे पुढचे सगळे टप्पे एकाच आकड्यासाठी जुळवून ठेवले की झालं. केंद्र लावायचा गँग कंडेन्सर फिरवताना रेडिओच्या पोटात ही वजाबाकी चालू असते. तुमच्या एफएमच्या सेटमध्येही तीच युक्ती आहे, फक्त आकडा १०.७ मेगाहर्ट्झ. टीव्हीतही तीच. त्या काळी फ्रान्समध्ये ल्युसियाँ लेव्ही त्याच वाटेवर होता आणि पुढे कोर्टात त्याचे काही हक्क मान्य झाले, हेही सांगितलं पाहिजे. पण रेडिओ घराघरात चालेल असा झाला तो आर्मस्ट्राँगच्या मांडणीनं.

शाळेत आम्हाला मार्कोनी शिकवला. पुढे जगदीशचंद्र बोस यांचं नाव कळलं आणि ऊर भरून आला. आर्मस्ट्राँग मात्र मला भेटला तो दुकान आवरायला काढलं तेव्हा, नातीच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकातल्या एका तळटीपेत. ज्याच्या डोक्यातून निघालेल्या डब्या फिरवून मी संसार केला, पोरांची शिक्षणं केली, त्याचं नाव मला साठीला कळावं याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून त्याच्याबद्दल जे मिळेल ते वाचत आलो.

तो न्यूयॉर्कचा, जन्म १८ डिसेंबर १८९०. वाढला याँकर्सला, हडसन नदीच्या काठावर. घरामागे सव्वाशे फुटी एरियलचा खांब यानं स्वतः चढून उभा केला. उंचावर चढायचा नाद जन्मभर राहिला. कोलंबिया विद्यापीठात लाल मोटरसायकलवरून शिकायला जायचा. तिथे शिकत असतानाच, १९१२ मध्ये, त्यानं पहिला शोध लावला. ली डी फॉरेस्टनं बनवलेला ऑडिऑन व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी, तेव्हा बाजारात होता, पण तो नेमका काय करतो हे बनवणाऱ्यालाही उमगलं नव्हतं. या पोरानं व्हॉल्व्हमधून निघालेला सिग्नल परत त्याच्याच तोंडाशी नेऊन सोडला, तो पुन्हा मोठा झाला, पुन्हा नेला. हेडफोन कानाला लावून मुश्किलीनं ऐकू येणारी केंद्रं खोलीभर ऐकू यायला लागली. आणि हेच जरा जास्त केलं की व्हॉल्व्ह स्वतःच शिट्टी मारायला लागतो, म्हणजे स्वतःच लहर तयार करतो. एकाच मांडणीत रिसीव्हर आणि ट्रान्समीटर दोन्ही. ग्राहक म्हणायचे ना, ‘रेडिओ शिट्टी मारतोय’, ती शिट्टी म्हणजे हीच.

पेटंटला पैसे नव्हते. वडील म्हणाले, आधी पदवी घे. मामानं सांगितलं, निदान सर्किटचा नकाशा काढून नोटरीचा शिक्का तरी मारून ठेव. २५ सेंट देऊन त्यानं तो मारून घेतला. तारीख होती ३१ जानेवारी १९१३. ही तारीख लक्षात ठेवा.

बरोबर वर्षानं, १९१४ च्या ३० आणि ३१ जानेवारीला, न्यू जर्सीत बेलमारच्या केंद्रावर कडाक्याच्या थंडीत दोन तरुण रात्रभर त्या रिसीव्हरपुढे बसले. आयर्लंड ऐकलं, जर्मनी ऐकलं, पार होनोलुलू ऐकलं. एक आर्मस्ट्राँग. दुसरा डेव्हिड सार्नॉफ, मार्कोनी कंपनीतला उमदा पोरगा. दोघांची दोस्ती जमली. सार्नॉफ पुढे आरसीए या बलाढ्य कंपनीचा प्रमुख झाला. आर्मस्ट्राँगचा आणखी एक शोध आरसीएनं १९२२ मध्ये २ लाख डॉलर रोख आणि ६० हजार शेअर देऊन घेतला. सार्नॉफच्या सेक्रेटरीशीच, मॅरियनशी, आर्मस्ट्राँगनं १९२३ मध्ये लग्न केलं. खरखर घालवणारी एखादी डबी काढ, असं आर्मस्ट्राँगला म्हणणाराही सार्नॉफच.

आणि आर्मस्ट्राँगनं डबी नाही, नवी रेडिओपद्धतच आणून समोर ठेवली. २६ डिसेंबर १९३३ ला एफएमची पेटंटं मिळाली. आरसीएनं एम्पायर स्टेट इमारतीवर चाचण्या करू दिल्या. ७० मैलांवर, वादळी हवेत, आवाज स्वच्छ. पण आरसीएचा सगळा पैसा जुन्या पद्धतीच्या केंद्रांत आणि रिसीव्हरांत गुंतलेला, पुढे टेलिव्हिजन आणायची घाई. १९३५ मध्ये त्याला सांगण्यात आलं, सामान हलव. मग त्यानं स्वतःच्या पैशानं हडसनपलीकडे अल्पाइनला चारशे फुटांवरचा मनोरा उभारला आणि आपलं केंद्र चालू केलं. तो मनोरा आजही उभा आहे.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण ते लिहिताना हात जड होतो. १९४१ पासून अमेरिकेत एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झची पट्टी मिळाली होती, पन्नासेक केंद्रं झाली होती, लोकांनी चार-पाच लाख रिसीव्हर घेतले होते. १९४५ मध्ये सरकारी आयोगानं ती पट्टी काढून घेतली आणि एफएमला ८८ च्या वर नेऊन बसवलं. सगळे रिसीव्हर एका फटक्यात निकामी. तुमचा ८८ ते १०८ चा काटा जिथे फिरतो ती जागा अशी आली आहे. युद्ध चालू असेपर्यंत या माणसानं लष्कराला आपली पेटंटं फुकट वापरू दिली. रणगाड्यांतून माणसं एकमेकांशी बोलली ती त्याच्या एफएमवर. टीव्हीचा आवाजही एफएमनंच जायचा. आपल्या दूरदर्शनचाही तसाच होता, ५.५ मेगाहर्ट्झची साउंड कॉइल मी कित्येक टीव्हींत बसवली आहे. अमेरिकेत आरसीएचे टीव्ही धडाधड विकले जात होते आणि आर्मस्ट्राँगला त्यातली कवडी मिळत नव्हती.

१९४८ मध्ये त्यानं आरसीएवर खटला भरला. पलीकडच्या वकिलांनी जबान्यांतच वर्षं काढली. १९५० मध्ये पेटंटांची मुदत संपली, उत्पन्न आटलं. १९५३ मध्ये सार्नॉफनं जबानीत सांगितलं की एफएमसाठी इतर कुणाहीपेक्षा, आर्मस्ट्राँगपेक्षाही, जास्त आमच्या कंपनीनं केलं. बेलमारच्या रात्री शेजारी बसलेला माणूस हे बोलला. मला ते वाचवत नाही.

आर्मस्ट्राँगच्याही चुका होत्या आणि त्या झाकायच्या नाहीत. १९४० मध्ये आरसीएनं १० लाख डॉलर देऊ केले, त्यानं नाकारले. इतर कंपन्या विक्रीवर टक्का देतात, तुम्हाला वेगळा न्याय का, हे त्याचं म्हणणं. म्हणणं सरळ होतं, पण वाकणं त्याला कधी जमलंच नाही. त्याआधी डी फॉरेस्टशी त्याचा वीस वर्षं खटला चालला. १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिल्या शोधाचं श्रेय डी फॉरेस्टला दिलं, तेव्हा हा इंजिनिअरांच्या सभेत आपलं पदक परत करायला गेला. संस्थेनं ते घेतलं नाही. सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. रेडिओचं काम कळणाऱ्यांना शोध कुणाचा हे पक्कं ठाऊक होतं. त्या टाळ्यांवर त्यानं समाधान मानलं असतं तर, असं मनात येतं. १९५३ च्या नोव्हेंबरात पैशावरून घरात भांडण झालं, त्यानं रागाच्या भरात मॅरियनवर हात उचलला आणि ती बहिणीकडे निघून गेली. त्याचं समर्थन नाही. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, तिची क्षमा मागणारी चिठ्ठी लिहून, त्यानं आयुष्य संपवलं. नोटरीच्या शिक्क्यानंतर ४१ वर्षांनी, बेलमारच्या रात्रीनंतर ४० वर्षांनी, त्याच तारखेला.

आणि मग मॅरियन उभी राहिली. तिनं खटले सोडले नाहीत. आरसीएनं त्याच वर्षीच्या डिसेंबरात दहा लाख डॉलरांच्या वर रक्कम देऊन तडजोड केली. उरलेल्या कंपन्यांशी ती एकेक करून लढली, शेवटचा निकाल १९६७ मध्ये लागला, आणि ती एकही खटला हरली नाही. तेरा वर्षं! एफएमचं श्रेय आज कागदावर आर्मस्ट्राँगचं आहे ते तिच्यामुळे. तुम्ही त्याचं नाव घ्याल तेव्हा तिचंही घ्या, एवढं वचन मला द्या.

आपल्या देशात पहिलं एफएम प्रक्षेपण मद्रासला १९७७ मध्ये झालं, खासगी केंद्रं २००१ पासून आली. तुमच्यातले कित्येक त्यानंतर या कामात शिरले. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, हा तुमचा दोष नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मागणं एवढंच आहे. दर ५ नोव्हेंबरला सकाळच्या कार्यक्रमात दोन मिनिटं काढा. आधी त्याचं नाव सांगा, मग मॅरियनचं. मग मागचं संगीत पूर्ण बंद करा आणि मायक्रोफोनपुढे एक पेला पाणी ओता. काचेचा किंवा स्टीलचा पेला घ्या. प्लास्टिकचा नको, त्याला नाद नाही. मायक्रोफोनपासून वीतभर लांब धरा, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत आणि धारेचा फुगा वाजणार नाही. पाणी तांब्यातून ओता, बारीक धारेनं, पेला भरत आला की सूर कसा वर चढत जातो तो ऐकू येऊ द्या. स्टुडिओतला कॉम्प्रेसर त्या वेळेपुरता कमी ठेवा, नाहीतर सुरुवातीची शांतता तो वर उचलेल. हे इंजिनिअर मित्रांना सांगायला नको. ओतून झाल्यावर लगेच बोलू नका, चार-पाच सेकंद जाऊ द्या.

२०३५ मध्ये त्या प्रयोगाला शंभर वर्षं होतील. सराव म्हणून याच वर्षी सुरुवात करा.

आपला,
तासगावचा एक रेडिओ दुरुस्तीवाला